उजेड वाढवला की लुकलुक थांबते, कमी केला की सुरू होते: कीबोर्डमधले एलईडी असे का वागतात?

निळीशाई

नमस्कार. गेले दोन आठवडे एकाच प्रश्नाशी झगडते आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहिते. लांबलं तर सांभाळून घ्या.

बाबांसाठी कीबोर्ड बनवते आहे. त्यांची नजर अधू झाली आहे. मोठ्या ठशाची स्टिकरं लावून पाहिली, तरी कीकॅपवरची अक्षरं त्यांना वाचता येत नाहीत. रंग मात्र नीट ओळखतात. इनस्क्रिप्ट (मराठी टायपिंगची कळांची मांडणी) त्यांच्या बोटांत बसलेलं आहे, रोज दोन-तीन पानं लिहितात. अडतं ते दोनच ठिकाणी. हात उचलून परत ठेवला की बोटं कधी एक घर चुकतात, आणि अर्धी ओळ भलतीच उमटल्यावर ते कळतं. दुसरं म्हणजे संगणक मराठीत आहे की इंग्रजीत, हे स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या बारीक खुणेवरून त्यांना दिसत नाही. म्हणून प्रत्येक कळेखाली एलईडी घातला. मराठी चालू असताना मात्रांच्या कळा केशरी, व्यंजनांच्या निळसर-हिरव्या, आणि इंग्रजीत सगळं विझलेलं, असा बेत आहे. त्यांना सजावट नको आहे, कळ कुठे आहे ते कळायला हवं आहे. म्हणून एखादा एलईडी चुकीचा रंग दाखवत असेल तर तो नसलेलाच बरा.

सामान असं: ६२ कळांचा स्वतः आखलेला पीसीबी (छापील सर्किटचा बोर्ड), त्यावर आरपी२०४० या प्रोसेसर चिपचा छोटा बोर्ड, आणि डब्ल्यूएस२८१२बी जातीचे रंगीत एलईडी एकाच साखळीत. एलईडींना ५ व्होल्ट थेट यूएसबीमधून मिळतात. डेटाची तार बोर्डाच्या पिनमधून सरळ पहिल्या एलईडीला जाते, मध्ये ३३० ओहमचा रेझिस्टर आहे. फर्मवेअर, म्हणजे कीबोर्डच्या आतला प्रोग्रॅम, क्यूएमके. त्यातला आरजीबी मॅट्रिक्स (कळांखालचे रंग सांभाळणारा भाग) चालू आहे, डब्ल्यूएस२८१२चा ड्रायव्हर 'व्हेंडर' ठेवला आहे.

आता लक्षणं. इंद्रधनुष्याचा इफेक्ट लावून चाचणी करते आहे. ब्राइटनेस ५०च्या आसपास असताना (२५५ पैकी) सगळी साखळी मधूनच लुकलुकते; कुठेतरी झपकन हिरवा, कुठेतरी पांढरा ठिपका येतो आणि जातो. ब्राइटनेस १५०च्या वर नेला की लुकलुक पूर्ण थांबते, दृष्ट लागावी इतकं सुंदर चालतं. पण त्याच ब्राइटनेसवर पूर्ण पांढरा रंग निवडला की कीबोर्ड संगणकापासून तुटतो आणि पोर्ट काही वेळ मेल्यासारखा पडून राहतो.

ज्याने मी सर्वांत जास्त गोंधळले ते असं: आधी एक जुनी, लांब, बारीक यूएसबी केबल वापरत होते. तीच खराब असणार म्हणून नवी, आखूड, जाड केबल आणली. तिच्यावर लुकलुक *वाढली*.

उजेड बदलला की दोष बदलतो, म्हणजे गडबड फर्मवेअरमध्येच असणार असं धरून मी डेटाच्या पल्सच्या वेळा बदलून पाहिल्या, रीसेटचा (डेटा संपल्यावरच्या थांब्याचा) २८० मायक्रोसेकंदांचा अवधी ५०० केला, इफेक्ट बदलले, सगळं पुसून नव्याने फ्लॅश केलं. काडीचा फरक नाही. आता काय तपासू?

पाऊण_मात्रा

माझ्या जुन्या एटीमेगा३२यू४ प्रोसेसरच्या बोर्डावर एलईडी लावल्यावर असाच वैताग झाला होता. तिथे प्रत्येक बिट प्रोसेसरला स्वतः पाठवावा लागतो, तेवढा वेळ इंटरप्ट (चालू काम थांबवून तातडीचं काम करायला लावणारे इशारे) बंद राहतात आणि बाकी कामं खोळंबतात. तुमच्याकडेही कळांचं स्कॅनिंग आणि एलईडी एकमेकांच्या पायात येत असतील. इफेक्टचा वेग कमी करून पाहा. नाहीतर एलईडी निम्मे करून पाहा.

कथील

निळीशाई, फर्मवेअरला हात लावू नका, ते ठीक आहे. पाऊण_मात्रा सांगतात ते एटीमेगाबद्दल खरं आहे, पण आरपी२०४०मध्ये 'व्हेंडर' ड्रायव्हर पीआयओ वापरतो. पीआयओ म्हणजे चिपमधलेच छोटे स्वतंत्र स्टेट मशीन: दोन गट, प्रत्येकात चार. डब्ल्यूएस२८१२साठीचा प्रोग्रॅम चारच सूचनांचा असतो. डीएमए (प्रोसेसरला न गुंतवता मेमरीतून आकडे हलवणारा भाग) त्याला आकडे पुरवतो आणि तो प्रोसेसरला न विचारता ते तारेवर सोडत राहतो. प्रोसेसर कितीही गुंतला तरी पल्सची रुंदी हलत नाही. म्हणून वेळा बदलून तुम्हाला फरक दिसला नाही.

आता तुमची तीन निरीक्षणं शेजारी ठेवा. मंद उजेडात लुकलुक, प्रखर उजेडात नाही. चांगल्या केबलवर जास्त, वाईट केबलवर कमी. या तिन्हींत एकच गोष्ट बदलते: एलईडींपर्यंत पोचणारं व्होल्टेज. उजेड वाढला की प्रवाह वाढतो, केबलमध्ये व्होल्टेज पडतं. बारीक लांब केबलमध्ये ते आणखी पडतं. म्हणजे व्होल्टेज *कमी* झालं की तुमचा कीबोर्ड बरा चालतो. ऐकायला उलटं वाटतं. पण या एलईडीच्या डेटाशीटमधली एक ओळ वाचली की उलगडतं: डेटाच्या पिनवरचा 'एक' ओळखायला त्या पिनवर एलईडीच्या स्वतःच्या पुरवठ्याच्या ०.७ पट व्होल्टेज हवं.

पुरवठा ५ व्होल्ट असेल तर उंबरठा ३.५ व्होल्ट. आरपी२०४०ची पिन देते ३.३. उंबरठ्याला पोचतच नाही. पुरवठा ४.६वर उतरला की उंबरठा ३.२२ होतो आणि तेच ३.३ पुरेसे ठरतात. सिग्नल होता तिथेच आहे, मोजपट्टी खालीवर होते आहे.

मग ५ व्होल्टवर एकही एलईडी का पेटावा? कारण ०.७ पट ही कंपनीची हमी आहे. प्रत्यक्ष चिप त्याच्या थोडी खालीच 'एक' मानते. कुठली चिप किती खाली, ते तिच्या तापमानावर आणि तिच्या बॅचवर अवलंबून. तुम्ही त्या करड्या पट्ट्यात उभ्या आहात. म्हणून ते कधी चालतं आणि कधी नाही.

आणि सगळी साखळी का लुकलुकते, तर या एलईडींना वेगळी क्लॉकची तार नसते. प्रत्येक बिट १.२५ मायक्रोसेकंदांचा; त्यात तार ०.४ मायक्रोसेकंद उंच राहिली तर शून्य, ०.८ राहिली तर एक, आणि चूक चालते फक्त ०.१५ची. प्रत्येक एलईडी येणाऱ्या प्रवाहातले पहिले २४ बिट स्वतःसाठी ठेवतो (हिरवा आधी, मग लाल, मग निळा) आणि उरलेले नव्याने घडवून पुढच्याला देतो. 'नव्याने घडवून' हे महत्त्वाचं आहे. दुसऱ्या एलईडीला पहिल्याकडून मिळणारा सिग्नल ५ व्होल्टचा, ठणठणीत असतो. दुबळा सिग्नल वाचावा लागतो तो एकट्या पहिल्याला. त्याने एक बिट चुकवला की मागे सगळ्यांचे रंग सरकतात. ६२ एलईडींपैकी एकच आजारी आहे, आणि तोही आजारी नाही, त्याला ऐकू कमी येतं आहे.

मल्टिमीटर असेल तर असं करा: पहिल्या एलईडीच्या पुरवठ्याच्या आणि ग्राउंडच्या पायांवर, म्हणजे अगदी त्याच्या अंगावर, वेगवेगळ्या ब्राइटनेसला व्होल्टेज मोजा. यूएसबीच्या खोबणीपाशी मोजू नका. मग बोलू.

पांढऱ्या रंगाचं दुखणं वेगळं आहे, त्याची यात सरमिसळ करू नका. एका रंगाला सुमारे २० मिलिअँपिअर, तीन रंग मिळून ६०. तुमचे ६२ एलईडी पूर्ण पांढरे म्हणजे ३७२० मिलिअँपिअर. यूएसबी २.० पोर्टकडून हक्काने मागता येतात ५००. क्यूएमके संगणकाला '५०० लागतील' असं सांगतं खरं, पण ती नुसती नोंद असते. तिने प्रवाह अडत नाही. पोर्ट स्वतःला वाचवायला बंद होतो, आणि ते बरंच आहे.

निळीशाई

कथील, मोजलं. इंद्रधनुष्याच्या इफेक्टवर, आखूड केबल लावून:

ब्राइटनेस ५० ला ५.०८ व्होल्ट. १५० ला ४.६९. २०० ला ४.५८. पिन कायम उंच ठेवून तिच्यावर ३.२९.

०.७ने गुणलं तर अनुक्रमे ३.५६, ३.२८, ३.२१. माझी लुकलुक बरोबर १५०च्या आसपास थांबते आणि तिथेच उंबरठा माझ्या ३.२९च्या खाली जातो! इतकं चपखल जुळेल असं वाटलं नव्हतं. लांब केबलवर ५० ला ४.८८ येतात, म्हणजे उंबरठा ३.४२. तिथे लुकलुक कमी आहे पण आहे. तेही जुळतं.

दोन आठवडे मी कोड वाचत होते आणि दोष एका गुणाकारात होता. आता उपाय सांगा. पीसीबी बनून आला आहे, एलईडी डाग देऊन बसवलेत. बोर्ड फेकून द्यायचा नाही.

चौसष्ट_कळा

फेकायची गरजच नाही. एक साधा सिलिकॉन डायोड लागेल, १एन४१४८ चालेल. पहिल्या एलईडीच्या पुरवठ्याच्या पायाकडे येणारी तांब्याची रेघ कापा आणि तिथे डायोड बसवा, डायोडवरची पट्टी एलईडीच्या बाजूला. फक्त पहिल्याच एलईडीला. बाकी ६१ थेट ५ व्होल्टवरच राहू देत. डायोडमध्ये सुमारे ०.७ व्होल्ट पडतात. तुमच्या ५.०८चे ४.३८ होतील, उंबरठा ३.०७, आणि ३.२९ त्याच्या आरामात वर. पहिला एलईडी पुढच्याला ४.३८चा सिग्नल देईल, दुसऱ्याला हवेत ३.५६. दोन्हीकडे पुरेशी जागा आहे. पहिला अगदी मंद असताना डायोडवरचा उतार ०.६पर्यंत येतो, तरी उंबरठा ३.१४च.

शॉटकी डायोड मात्र लावू नका. तो 'चांगला' म्हणून अनेकजण सुचवतात, कारण त्यात कमी व्होल्टेज पडतं. इथे आपल्याला पडायलाच हवं आहे. ०.३ पडले तर ४.७८ उरतात, उंबरठा ३.३५, आणि तुम्ही पुन्हा करड्या पट्ट्यात.

पहिल्या एलईडीजवळ १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर असेल तर तो डायोडनंतर, एलईडीच्या बाजूलाच राहिला पाहिजे. रेघ कुठे कापता ते बघून कापा.

पुढचा पीसीबी कराल तेव्हा डायोडऐवजी ७४एएचसीटी१जी१२५ टाका. पाच पायांची इवलीशी चिप, ५ व्होल्टवर चालते आणि २ व्होल्टच्या वरचं सगळं 'एक' मानते. मधलं 'टी' अक्षर विसरू नका. टी नसलेली एएचसी घेतलीत तर तिचा उंबरठाही पुरवठ्याच्या ०.७ पट असतो, म्हणजे तेच रडगाणं दुसऱ्या चिपपाशी. तिची एनेबल पिन ग्राउंडला जोडा, ती उलटी चालते: ग्राउंडला असली की चिप चालू.

पाऊण_मात्रा

माझा अंदाज चुकला. उजेड वाढवल्यावर बरं होतं हे वाचूनही मी तिकडे बघितलंच नाही. एक विचारतो: माझ्या एटीमेगावर एलईडी लावल्यापासून दाबलेल्या कळाही चुकतात, त्याचं कारण तरी इंटरप्टच ना? की तेही वेगळं?

कथील

हिशेब करून बघू. २४ बिट गुणिले १.२५ म्हणजे एका एलईडीला ३० मायक्रोसेकंद. ६२ एलईडींना १८६० मायक्रोसेकंद, दोन मिलिसेकंदांच्या आत. बोट कितीही चपळ असलं तरी कळ दाबून सोडायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. दोन मिलिसेकंद स्कॅनिंग थांबलं म्हणून दाबलेली कळ हरवत नाही, फार तर तेवढी उशिरा कळते. तुमचा कीबोर्ड दोन भागांचा आहे का? असेल तर मात्र इंटरप्टच कारणीभूत. दोन भागांमधल्या सिरीअल तारेवरचं बोलणं त्याच वेळी चालू झालं तर अख्खा निरोप बाद होतो.

निळीशाई, पहिल्या एलईडीच्या आधी मोठा कपॅसिटर लावा असा सल्ला तुम्हाला जागोजागी दिसेल, १००० मायक्रोफॅरडचा. भिंतीवरच्या एलईडीच्या पट्टीला तो योग्य आहे, तिला स्वतःचा अडॅप्टर असतो. यूएसबीवर चालणाऱ्या वस्तूला तो लावू नका. यूएसबी २.०च्या नियमाने उपकरण पुरवठ्यावर १० मायक्रोफॅरडपेक्षा जास्त धरू शकत नाही; त्याहून मोठा कपॅसिटर जोडल्या क्षणी इतका प्रवाह ओढतो की पोर्ट दचकतो. प्रत्येक एलईडीशेजारचे छोटे १०० नॅनोफॅरडवाले पुरेत.

निळीशाई

पाऊण_मात्रा, वाईट वाटून घेऊ नका. मी स्वतः दोन आठवडे तेच समजत होते.

डायोड बसवला. रेघ कापताना हात थरथरत होता, पण बसला. आता ब्राइटनेस १० पासून २०० पर्यंत एकदाही लुकलुक नाही. दोन्ही केबलींवर तासभर चालू ठेवून शेजारी बसून पाहिलं. मनापासून आभार.

आता रंगांचं. कळ दाबल्यावर रंग द्यायचा कोड लिहिला, तर रंग क्षणभर दिसतो आणि लगेच इफेक्टचा रंग परत येतो. शिवाय दुसऱ्या ओळीत उलट-सुलट कळा पेटतात. एका कळेला रंग दिला तर पेटते भलतीच.

चौसष्ट_कळा

दुसरं आधी. तुमची साखळी नागमोडी आहे ना? पहिली ओळ डावीकडून उजवीकडे, दुसरी उजवीकडून डावीकडे. पीसीबीवर तेच सोयीचं असतं. पण मग फर्मवेअरमधल्या नकाशातही दुसऱ्या ओळीचे क्रमांक उलटे लिहावे लागतात. त्या नकाशाचे तीन भाग असतात: कुठल्या कळेखाली कितवा एलईडी, तो एलईडी कीबोर्डवर कुठे (आडवं ० ते २२४, उभं ० ते ६४), आणि तो कशासाठी आहे याचा झेंडा (फ्लॅग, म्हणजे खूण). तुमच्या कामाला पहिला भाग महत्त्वाचा. जागेचे आकडे फक्त इफेक्टना लागतात, ते ढोबळ असले तरी अडत नाही.

रंग पुसला जातो कारण आरजीबी मॅट्रिक्स दर १६ मिलिसेकंदांच्या सुमाराला सगळं चित्र नव्याने रंगवतो. तुम्ही मध्येच टाकलेला ठिपका पुढच्या चित्रात नसतो. इंडिकेटरचं एक फंक्शन असतं, ते प्रत्येक चित्र रंगवून झाल्यावर आणि तारेवर सोडण्याच्या आधी बोलावलं जातं. रंग तिथे द्या. तिथे विचारा: कुठला लेयर (कळांच्या अर्थांचा संच) चालू आहे, शिफ्ट दाबलेली आहे का, आणि त्याप्रमाणे यादीतल्या एलईडींना रंग लावा.

इथे दोन खड्डे आहेत. इंग्रजीत सगळं विझायला हवं म्हणून आरजीबी मॅट्रिक्स बंद कराल, तर इंडिकेटरचं फंक्शनही बोलावलं जात नाही. मॅट्रिक्स चालूच ठेवा, इफेक्ट एकरंगी आणि ब्राइटनेस शून्य. मग जे दिसेल ते फक्त तुमचं.

दुसरा खड्डा खोल आहे. कमाल ब्राइटनेसची मर्यादा तुम्ही कॉन्फिगमध्ये घातली असेल, पण ती इफेक्टच्या रंगांना लागते. इंडिकेटरमध्ये तुम्ही स्वतः २५५, २५५, २५५ लिहिलंत तर ते जसंच्या तसं जातं, आणि पोर्ट पुन्हा पडतो. तिथला हिशेब तुम्हालाच ठेवायचा.

इनस्क्रिप्टबद्दल एक. 'डावा हात मात्रा, उजवा हात व्यंजनं' अशी वाटणी कोडमध्ये करू नका. खालच्या ओळीत सी, व्ही, बी या कळांवर म, न, व आहेत आणि त्या डाव्या हाताच्या आहेत. याद्या कळ-कळ बघूनच करा.

निळीशाई

बरं झालं सांगितलंत, मी तशीच वाटणी केली होती! याद्या नव्याने केल्या. मात्रांच्या कळा ११ भरल्या: वरच्या दोन ओळींतल्या पाच-पाच आणि खाली अनुस्वार. व्यंजनांच्या १८.

हिशेबही मांडला. केशरीला ९०, ४९, ०. म्हणजे २५५ पैकी एकूण १३९, गुणिले २० मिलिअँपिअर, सुमारे ११ एका कळेला. ११ कळांना १२०. व्यंजनांना ०, ६०, ६०, म्हणजे साडेनऊच्या आसपास. १८ कळांना १७०. विझलेला एलईडीही सुमारे एक मिलिअँपिअर खातो, ते ६० धरले. बेरीज ३५०. पाचशेच्या आत, आरपी२०४०लाही जागा उरते.

एकच गोष्ट सुटत नाही. संगणक मराठीत आहे की इंग्रजीत हे कीबोर्डला कसं कळवायचं? कीबोर्ड तर फक्त 'अमुक कळ दाबली' एवढंच पाठवतो, तिचा क होतो की के, ते संगणक ठरवतो. सध्या मी एकाच कळेने भाषा बदलायचा शॉर्टकट पाठवते आणि त्याच कळेने लेयर बदलते. पण बाबा कधी माऊसने भाषा बदलतात, मग कीबोर्ड आणि संगणक उलटे होतात. रंग मराठीचे आणि अक्षरं इंग्रजी. त्यांच्यासाठी हे रंग नसण्यापेक्षा वाईट आहे.

पाऊण_मात्रा

यात माझा उपयोग होईल. संगणक कीबोर्डला उलटी माहिती पाठवतोच: कॅप्स लॉक, नम लॉक आणि स्क्रोल लॉकचे दिवे. दिवा पेटवायचा की नाही हे संगणक सांगतो, आणि क्यूएमकेला ते वाचता येतं. वडिलांच्या संगणकावर लिनक्स आणि एक्स११ (लिनक्सवरची खिडक्या दाखवणारी यंत्रणा) असेल तर कीबोर्डच्या पर्यायांमध्ये एक सोय आहे: दुसरा लेआउट चालू असताना स्क्रोल लॉकचा दिवा पेटवणं. पर्यायाचं नाव जीआरपी_एलईडी:स्क्रोल. ते लावलं की माऊसने बदला, शॉर्टकटने बदला, कशानेही बदला, दिव्याची खबर कीबोर्डपर्यंत येते. इंडिकेटरच्या फंक्शनमध्ये लेयरऐवजी स्क्रोल लॉकची स्थिती विचारा. स्क्रोल लॉक कोणी एरवी वापरत नाही, त्यामुळे गल्लत होत नाही.

लिनक्स नसेल तर रॉ एचआयडी (कीबोर्डशी थेट बाइट देवघेव करायची क्यूएमकेमधली सोय) वापरून संगणकावरच्या छोट्या प्रोग्रॅमने ३२ बाइटचा निरोप पाठवावा लागेल. जमतं, पण प्रोग्रॅम कायम चालू ठेवावा लागतो.

निळीशाई

लिनक्स आणि एक्स११च आहे. पर्याय लावला, फंक्शनमधली एक ओळ बदलली, आणि झालं. माऊसने भाषा बदलली तरी कळांचा रंग त्याच क्षणी बदलतो. पाऊण_मात्रा, हे तुम्ही सांगितलं नसतंत तर मी तो प्रोग्रॅम लिहीत बसले असते.

काल बाबांना दिला. पहिल्यांदा ब्राइटनेस त्यांना जास्त वाटला. कळांच्या फटींतून येणारा उजेड डोळ्यांवर येतो म्हणाले. मी उलट समजत होते, की नजर कमी म्हणून उजेड जास्त हवा. सगळे आकडे निम्मे केले, तेव्हा म्हणाले आता कडा दिसतात. निम्मे केल्यावर प्रवाहही दोनशेच्या आसपास आला.

शिफ्ट दाबली की मात्रांच्या कळा पांढुरक्या होतात, कारण तिथे आता पूर्ण स्वर येतात. ते त्यांना लगेच समजलं. एफ आणि जे या दोन कळा, म्हणजे ि आणि र, बाकीच्यांपेक्षा थोड्या प्रखर ठेवल्या आहेत, हात परत ठेवताना त्या शोधता येतात. पहिल्या पानात घर एकदाही चुकलं नाही.

संगणक झोपला की एलईडी विझतात, पण विझूनही ते साठेक मिलिअँपिअर खात राहतात, आणि झोपेत यूएसबी २.०च्या उपकरणाने २.५च्या वर घेऊ नये असा नियम आहे. पुढच्या पीसीबीवर एलईडींचा पुरवठा तोडायला मॉस्फेट (स्विचसारखा वापरायचा ट्रान्झिस्टर) आणि चौसष्ट_कळांनी सांगितलेली टीवाली चिप, दोन्ही टाकते आहे. आराखडा तयार झाला की इथे दाखवीन, तपासून द्या.

आज सकाळी बाबांनी एक बदल सांगितला. हलन्ताची कळ, म्हणजे डी, मात्रांच्याच रंगात नको, वेगळी हवी. जोडाक्षर आलं की बोट तिच्याकडेच जातं आणि ती सापडली की बाकीच्या आपोआप सापडतात. डी आता लाल आहे.